आत्याबाईंची झडती

आमच्या सासरी पिठाच्या डब्यात रोज एक नवी नक्षी असे. कधी पान, कधी आडव्या रेघा, कधी नुसतंच बोट टेकवून केलेला खळगा. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटलं, ही या घरची काही रीत असावी, पिठाची पूजा वगैरे. मी कौतुकानं विचारलं तर मामंजी खाली बघून हसले. मग कळलं, ते आत्याबाईंचं कुलूप होतं. डबा झाकताना त्या पिठावर बोटानं काहीतरी काढून ठेवत आणि सकाळी उघडून बघत. नक्षी मोडलेली दिसली, की कोणीतरी पीठ घेतलं. नक्षी जशीच्या तशी दिसली तरी त्यांचं समाधान होत नसे. "घेनाऱ्यानं पुन्ना तशीच काडून ठिवली असंल," म्हणत त्या माझ्या बोटांकडे बघत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घर आत्याबाईंच्या ताब्यात. चारठाण्याच्या अलीकडे आमचं लहानसं गाव. माळवदाचं घर, पुढच्या अंगाला मामंजींचं किराणा दुकान, मागच्या अंगाला सरकी साठवायची अंधारी खोली. मामंजी सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा करून दुकानात बसत, ते दिवस मावळेपर्यंत. घरात काय चाललंय याची चौकशी ते करत नसत, कारण ती करणारं माणूस घरात होतंच.

आत्याबाई उंच, काटकुळ्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वाजल्या तर चोराला कळंल न्हवं, मी यायलेय म्हून." त्या कधी कुठून येऊन मागं उभ्या राहतील याचा नेम नसे. मी चुलीपाशी असले, की मानेवर नजर टोचल्यासारखी वाटे. वळून बघावं तर त्या दारात पाटावर बसलेल्या.

"काय वो आत्याबाई?"

"काय न्हाई. शक न्हाई माजा. पर बगायला काय जातंय?"

हे त्यांचं रोजचं बोलणं. दूधवाल्याच्या चरवीत काडी बुडवताना हेच, पाहुण्याच्या पिशवीकडे बघताना हेच. सणावारी तर त्यांच्या शंकेला भरती येई. गावचा जोशी सणाची वेळ सांगून जाई, ती त्यांना पटत नसे. "त्येला आदी पाटलाच्या घरी जायचं आसंल, म्हून आपल्याला उशिराची येळ दिली," असं म्हणून त्या दुसऱ्या गावच्या जोशाकडे माणूस पाठवत. पोळ्याला आमच्या बैलांना शिंगांवर फडकं टाकून वेशीपर्यंत न्यायचं, कारण वाटेत कोणाची नजर लागेल. संक्रांतीला कोणी तिळगूळ दिला, की "आदी तू खा" म्हणून त्या देणारीच्या तोंडाकडे बघत बसत. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. सणाला आत्याबाई माझ्या हाताचा वास घ्यायच्या. वेलदोड्याचा वास आला आणि खीर अजून शिजायची असली, की झालं.

मला माहेरून पत्र येत नव्हतं, निरोप येई. निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्या आधी ओसरीवर बसवून सगळं विचारून घेत आणि मग मला बोलावत. एकदा भाऊ मला सणाला न्यायला आला. आत्याबाईंनी त्याला विचारलं, "कवा आनून सोडताव?" तो म्हणाला, "राहू द्या की चार दिस." आत्याबाई ताडकन उठल्या. "चार दिस म्हंजी कवा, त्ये सांग. वार सांग." भावानं वार सांगितला. मग त्या मला आत घेऊन गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "घरला गेलीस की आदी बग, तुझी माय खरंच बोलावतीया का. न्हाई तर माघारी यी. सनाचं नाव करून मानसं काय बी करत्यात."

मी त्या वेळी मनातून चिडले होते. भाऊ समोर बसलाय आणि या असं बोलतात! पुढं कधीतरी मामंजींनी दुकान बंद करता करता मला कारण सांगितलं. आत्याबाई सासरी नांदत होत्या तेव्हा त्यांचा नवरा तापानं पडला. दुखणं वाढलं तशी सासरच्यांनी यांना सांगितलं, पंचमी जवळ आलीय, माहेरी जाऊन ये, पोळ्याला आम्ही घ्यायला येतो. या आनंदानं आल्या. पंचमीला नव्या बांगड्या भरल्या, मेंदी लावली, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून मैत्रिणींबरोबर गाणी म्हटली. नवरा त्याच्या आधीच गेला होता. सासरच्यांनी कळवलंच नाही. पोळा आला तशा या लुगडं नेसून, बोचकं घेऊन ओट्यावर बसल्या. कोणी आलं नाही. मग कोणीतरी बाजारात भेटलं, त्यानं मामंजींना सांगितलं.

"अक्कानं बोचकं सोडलंच न्हाई लय दिस," मामंजी म्हणाले. "म्हनायची, तुमीबी खोटं बोलायलाव."

एवढं सांगून ते किल्ली घेऊन आत गेले. त्यानंतर आत्याबाई माझ्या हाताचा वास घ्यायला लागल्या, की मी हात आपणहून पुढं करी.

बांगड्यांवरून आठवलं. आमच्या गावात एक मण्यारीण होती, वेशीजवळ राहणारी. नवरा बाजार फिरायचा, ही गावात घरोघर बांगड्या भरायची. पंचमीच्या आधी ती आणि तिची लेक टोपली घेऊन आमच्याकडे यायच्या. आत्याबाईंना बांगड्या भरायच्या नसत, पण माझ्या हातात चढणारी प्रत्येक बांगडी त्या आधी नखानं वाजवून बघत.

"ही बद्द वाजतीय. चिरलेली हाय."

"अक्का, कान बद्द हुए तुम्हारे. बांगडी चांगली हाय."

"मला कान शिकवू नगंस. दुसरी काड."

दर वर्षी भांडण. भांडण इतकं, की मला वाटे ही बाई पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकायची नाही. पण पुढच्या वर्षी ती यायची आणि दुसऱ्या गावची मण्यारीण आली तर आत्याबाई तिला ओट्यावरही चढू देत नसत.

घरातला मोठा सण महालक्ष्म्यांचा. भादव्यात गणपतीमागून त्या यायच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पितळी मुखवटे, खाली धान्यानं भरलेल्या पत्र्याच्या कोठ्या, त्यावर नवीकोरी लुगडी नेसवायची. वर फुलोरा टांगायचा, करंज्या आणि वेण्या-फण्यांचा. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. या सगळ्याची बित्तंबातमी आत्याबाईंना. पण हात लावायचा नाही. विधवेनं मुखवट्यांना हात लावू नये, ही गावची रीत. कोणी त्यांना सांगितलं होतं की त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, मला ठाऊक नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या राहत आणि मला सांगत.

"डाव्या अंगाला वळीव. थोडं. आगं थोडं. निरी नीट धर. दिवा जवळ आन, थोरलीचा कान बगू दे. मागं चरा हाय का त्यो? हाय न्हवं? मग आपलीच हाय. बदलली न्हाई."

वर्षभर पेटीत कुलपात असलेले मुखवटे बदलणार कोण? पण हे दर वर्षी. एकदा मी लुगडं नेसवताना मागं बघितलं. आत्याबाई भिंतीपाशी उभ्या होत्या आणि त्यांची बोटं आपल्याच पदराला निऱ्या घालत होती, माझ्या हातांबरोबर. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी हात खाली सोडले. "काय बगायलीस? पदर सुटायलाय तिचा."

मग ते वर्ष आलं, शेवटचं. गावोगाव निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या होत्या. आज या गावची कडबा गंजी पेटली, उद्या त्या गावच्या पाटलाला धरून नेलं. माणसं दुकानात आली तरी मीठ-मिरची घेऊन मुकाट्यानं जात. कोण कोणाला काय सांगतं याचा भरवसा नव्हता. आमचे मालक उन्हाळ्यातच सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेले होते. तिथं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचे कॅम्प होते. त्यांच्याबरोबर त्यांचा एक जिवाचा दोस्त गेला होता. तो आईला भेटायला म्हणून परत आला, तेव्हा टोळीनं त्याला वाटेत गाठून मारलं. त्याच उन्हाळ्यात मण्यारणीचा थोरला पोरगा टोळीचे खाकी कपडे घालून गावातून मिरवला होता. दोस्ताला मारणाऱ्यांत तो होता की नव्हता, कोणी पाहिलं नव्हतं. पण गावानं मनात धरलं ते धरलंच. त्या पंचमीला मण्यारीण कोणाच्याच घरी बांगड्या भरायला गेली नाही.

आत्याबाईंचं आता सगळ्या गावाला पटायला लागलं होतं. आधी हसणाऱ्या बायका येऊन हळूच विचारत, "आत्याबाई, अमुक घराचं तुमाला काय वाटतंय?" आत्याबाई त्यांच्याकडेच संशयानं बघत. "तू कामून इचारायलीस?"

महालक्ष्म्या आल्या. मालक नव्हते. जेवणाच्या दिवशी संध्याकाळी घरच्या कर्त्या मुलानं देवीपुढं समई लावायची, ही आमच्या घरची जुनी रीत, आणि ती साऱ्या गावाला ठाऊक. कुठं जरी असले तरी त्या दिवशी मालक घरी येतात. आत्याबाई सकाळपासून माझ्यामागं लागल्या होत्या. "निरोप आलाय का? खरं सांग. डोळ्यात बगून सांग." निरोप नव्हता. पण मी पुरण वाटत होते तरी माझा कान दाराकडे होता.

दुपारी दारात आवाज आला तो बुटांचा. जिंतूरचे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, आणि त्यांच्यामागं जवान. मामंजी दुकानातून धावत आले आणि हात जोडून उभे राहिले. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार, आज तो येईल म्हणून. माझ्या मनात एकेक चेहरा येऊन गेला. खोटं कशाला सांगू, त्यात आत्याबाईही होत्या. सकाळपासून निरोपाचं विचारत होत्या त्या.

अमीनसाहेब अदबीनं बोलले. "अम्मा, घर की तलाशी लेनी है."

आत्याबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. हलल्या नाहीत. "घ्या की. पर आदी मी तुमची घेते."

मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला. "अक्का, गप ऱ्हा."

"गप कामून ऱ्हाऊ? ही मानसं आत काय घिऊन जायलीत, मला काय ठावं? आत ठिवतील आनि म्हनतील, तुमच्या घरात घावलं. शक न्हाई माजा, सायेब. पर बगायला काय जातंय?"

अमीनसाहेबांनी म्हातारीकडे नीट बघितलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांच्या मिशीखाली हसू आलं. जवानांना म्हणाले, "खिसे उलटे करो." जवानांनी खिसे उलटे केले. विड्या, कंगवा, शेंगा, तंबाखूची चंची, जे निघालं ते आत्याबाईंनी ओट्यावर मांडायला लावलं आणि एकेकाला आत सोडलं.

त्यांनी घर बघितलं. सरकीत काठ्या खुपसल्या, माळवदावर चढले. एक जवान देवीच्या कोठीकडे काठी घेऊन वळला, तेव्हा अमीनसाहेबांनीच त्याला हटकलं. काही सापडलं नाही. ते निघाले तर आत्याबाई पुन्हा उंबऱ्यावर.

"आता काय, अम्मा?"

"जाताना बी बगते."

अमीनसाहेब कंटाळले होते. पण ओट्यासमोर गाव जमलं होतं आणि त्यांनी मघासारखंच पुन्हा खिसे उलटे करायला सांगितलं. एक जवान मागं सरकला. आत्याबाईंनी त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. पट्टा सोडला तसा देवीपुढचा आमचा चांदीचा करंडा टणकन ओट्यावर पडला.

अमीनसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी हातातली छडी त्या जवानाच्या पाठीवर अशी ओढली, की आम्हीच दचकलो. करंडा स्वतः उचलून त्यांनी आत्याबाईंपुढं धरला. "माफी, अम्मा." आत्याबाईंनी करंडा घेतला नाही, मला घ्यायला लावला, आणि झाकण उघडून कुंकू सांडलंय का ते बघितलं.

त्या दिवशी समई मामंजींनी लावली. मालक आले नाहीत. पण गावात दुसरं काही बोलणंच नव्हतं. म्हातारीनं पोलिसांची झडती घेतली, आणि त्यांच्या कमरेतून चोरी काढली!

महालक्ष्म्यांना निरोप दिला आणि त्यानंतर एकदोन दिवसांतच आभाळात विमानांचा आवाज सुरू झाला. हिंदी फौज आत शिरली होती. आठवडा संपायच्या आत निजामाचं राज्य संपलं. गावात गुलाल उधळला, मारुतीपुढं नारळ फुटले. मीही दारात रांगोळी काढली. पण दुसऱ्याच दिवशी त्या आनंदाची चव बदलली. शेजारच्या गावातून धूर दिसायला लागला. आता टोळ्या दुसऱ्यांच्या होत्या.

भर दुपारची वेळ. मामंजी जेवून पडले होते. मागच्या दाराची कडी हळूच वाजली. मी उघडलं तर मण्यारीण आणि तिच्या मागं तिची लेक. मण्यारणीच्या पायात वहाण नव्हती. तिचा नवरा मानवतच्या बाजाराला गेलेला, तो आलाच नव्हता. पोरगा कुठं होता कोणास ठाऊक. ती माझ्याशी बोललीच नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "अक्का, पोरीला तेवढं ठेवून घे. मी जाते."

आत्याबाई माझ्या मागं कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणास ठाऊक. त्यांनी मण्यारणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता विचारतील, मागं कोण आहे, बोचक्यात काय आहे.

"कोनी बगितलं का येताना?"

"नाही."

"मग दारात कामून हुबी ऱ्हायलीस? दोगी आत व्हा."

त्यांनी सरकीच्या खोलीचं कुलूप काढलं, दोघींना आत घेतलं आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोवली. मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, ही गोस्ट तुज्या-माज्यात. मामंजीला सांगायचं न्हाई, त्येच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

मी मान डोलावली.

"आनि नवरा आला, तर त्येलाबी न्हाई."

"ते कशाला काय करतील, आत्याबाई? ते तसे नाहीत."

"त्येचा मैतर मारला. तुला ठावं हाय का, त्यो काय करंल?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग वळून मागच्या दाराची कडी लावली.

मालक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. दाढी वाढलेली, गाल बसलेले, खांद्याला बंदूक, बरोबर कॅम्पातले दोघं. किती महिन्यांनी मी त्यांना बघत होते. ओवाळायला ताट घेऊन बाहेर आले, तर आत्याबाई आधीच उंबऱ्यावर.

"बंदूक भायेर ठिव."

"आत्ते, मी हाय."

"दिसायलंय मला. बंदूक भायेर ठिव. घरात देव हाईत."

मालक हसले. बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. मी ओवाळलं. मान वर केली नाही. त्यांना वाटलं, मी रडतेय. त्यांच्याबरोबरच्या एकानं चहा पिता पिता सहज विचारलं, "आत्याबाई, त्या मण्यारनीचं घर रिकामं दिसायलंय. हिकडं आली न्हाई न्हवं?"

माझ्या पाठीमागं चार पावलांवर सरकीच्या खोलीचं दार होतं.

आत्याबाई खेकसल्या. "हिकडं? माज्या घरात? मी सख्ख्या भावाला पिठाच्या डब्याला हात लावू देत न्हाई आनि तिला आत घेनार व्हय? इतकी वरसं मला बद्द बांगड्या इकत आली ती!"

ते दोघं इतके हसले, की एकाच्या बशीतला चहा सांडला. मालकही हसले. "अरे, आमच्या आत्तेनं अमीनाची झडती घेतली. हिच्या नजरेतनं मुंगी सुटत न्हाई," असं अभिमानानं सांगायला लागले. त्यांनी घर बघायचं नावही काढलं नाही. आत्याबाई कोणाला आसरा देतील, ही शंका साऱ्या पंचक्रोशीत कोणालाही आली नसती.

ते दिवस मी कसे काढले! मालक घरातच. आत्याबाईंनी नवस बोलल्याचं जाहीर केलं. सण सुखानं पार पडला आणि भाचा जिवंत परतला, म्हणून घट बसेपर्यंत त्या एकटीनं, अंधारात, सरकीच्या खोलीत जेवणार. असा नवस कोणी ऐकला नव्हता, पण आत्याबाईंचं काहीच कोणी ऐकलेलं नसे. त्या ताट घेऊन आत जात आणि रिकामं घेऊन बाहेर येत. त्या दिवसांत त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. एकदा मी भाकरी जास्त वाढली, तर त्यांनी ती काढून परत ठेवली. "म्हातारीचं जेवन वाडलं की मानसं इचारत्यात."

मालक रात्री दोस्ताबद्दल बोलत. त्याच्या आईला भेटून आले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राही. दिव्याच्या उजेडात ते तेच होते, ज्यांच्या ताटात मी लग्नापासून वाढत आले. सांगावं असं किती वेळा ओठांवर आलं. मग आत्याबाईंचा प्रश्न आठवे.

जिंतूरला मिलिटरीचा तळ पडला आणि तिथं मण्यारणीच्या जमातीच्या लोकांना सांभाळून ठेवलंय, अशी बातमी आली. त्याच सुमाराला मालकांना जिंतूरहून सभेचं बोलावणं आलं. ते दोन दिवसांनी येतो म्हणून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्याबाईंनी मामंजींना उठवलं. "गाडी जुप. जिंतूरला देवीला जायचं हाय. नवस फेडायला." मामंजींनी गाडी जुंपली, वर तट्ट्याचं छप्पर घातलं.

आत्याबाईंनी मला सरकीच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात महालक्ष्म्यांची दोन्ही लुगडी होती, हिरवं आणि जांभळं, घडी न मोडल्यासारखी. "ह्यास्नी नेसीव. बाकी लुगडी गावानं वळकलेली हाईत. ही नवी हाईत."

मी हिरवं लुगडं उलगडलं, पण मण्यारणीच्या लेकीला नऊवारीची सवय नव्हती आणि माझी बोटं काम करत नव्हती. निऱ्या सुटायच्या. आत्याबाई भिंतीला टेकून थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर बाजूला," आणि पुढं झाल्या. लेकीला त्यांनी स्वतः नेसवलं. मग आईला. एकेक निरी त्या बोटांनी दाबून बसवत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणाला काही नेसवताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी करंडा उघडला आणि थांबल्या.

"लावू का? चालंल का तुला?"

मण्यारणीनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. "लगाव अक्का. अल्ला देखता है, समझता है."

मामंजी गाडीशी उभे होते. पदर ओढून दोन बायका मागच्या दारानं येताना त्यांनी पाहिल्या. पाय बघून की चाल बघून, त्यांनी ओळखलं. बहिणीकडे बघितलं. "मला कामून सांगितलं न्हाई, अक्का?"

"सांगितलं अस्तं तर तुजी झोप गेली अस्ती. हाक आता."

वेशीपाशी काठ्या घेऊन पोरं बसली होती. पुढं काय झालं ते मामंजींनीच सांगितलं. एकानं विचारलं, गाडीत कोण? आत्याबाईंनी तट्ट्यातून डोकं बाहेर काढून त्यालाच फैलावर घेतलं. "माज्या माहेरवाशिनी हाईत. आनि तू कोनाचा रं? काठी कुनाची आनलीस? आमच्या कुपाटीतली दिसतीया!" पोरगा काठी मागं लपवून बाजूला झाला. जिंतूरच्या अलीकडे, ठरल्याआधीच परत निघालेले मालक समोरून पायी येताना दिसले. मामंजींनी कासरा ओढला. मालक गाडीजवळ आले, म्हणाले, "देवीला का?" आत्याबाई म्हणाल्या, "व्हय." त्यांनी छपराकडे एकदा बघितलं आणि "लवकर या माघारी," म्हणून चालू लागले.

मण्यारीण आणि तिची लेक तळावर पोचल्या. पुढं त्या हैदराबादकडे गेल्या, असं कळलं. पुन्हा भेट झाली नाही.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. सुधारल्या म्हणाल तर बिलकूल नाही. पुढच्या वर्षी मालकांनी विचारलं, "देवीची जुनी लुगडी कुठं गेली?" तर आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इचार तुज्या बायकोला. शक न्हाई माजा." मी उंदरांचं नाव सांगितलं. शेवटच्या दुखण्यात औषधाचा घोट आधी मला प्यायला लावत. मी पीत असे.

त्या गेल्यावरच्या पहिल्या महालक्ष्म्या. सोळा भाज्या निवडायच्या होत्या, मालक मदतीला बसले होते. शेंगा सोलता सोलता म्हणाले, "आत्तेनं साऱ्या गावावर शक घेतला, पर घरच्यांपासनं कदी काय लपवलं न्हाई."

मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. मागचं दार, सरकीची खोली, नवस, लुगडी, गाडी. ते ऐकत होते. हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजी म्या गाडीला हात लावून हुबा व्हतो तवा..."

"आत होत्या त्या."

त्यांनी परात जवळ ओढली. मग म्हणाले, "आत्तेचा माज्यावर शक व्हता, त्ये ठीक हाय. तिचा समद्यावरच व्हता. पर तू? तू मला कामून सांगितलं न्हाईस?"

इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलायचं?

"तुमी काय केलं असतं, ते मला ठावं न्हवतं."

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"मलाबी न्हवतं," ते म्हणाले.